चीट डे: वजन कमी करणाऱ्याला आधार की अडथळा?

सावकाश (धागाकर्ता)

नमस्कार. वजन कमी करायचे ठरवले तेव्हा व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकांनी मला एक पद्धत सुचवली. आठवड्यातले सहा दिवस ठरलेला आहार काटेकोरपणे घ्यायचा आणि सातव्या दिवशी, म्हणजे चीट डेला, मनाला येईल ते आणि हवे तितके खायचे. त्यामागची कारणे त्यांनी तीन सांगितली. सतत कमी खाल्ल्याने मंदावलेला चयापचय एका दिवसाच्या भरपेट खाण्याने पुन्हा वेग घेतो, आठवडाभर मारलेले मन शांत होते आणि सातातल्या एका दिवसाने फारसे काही बिघडत नाही.

माझ्या एका नातेवाइकांचे मत नेमके उलट आहे. अशी मोकळीक घेणाऱ्याला नीट खाण्याची सवय कधी लागतच नाही, कारण आठवडाभर त्याचा डोळा त्या एका दिवसावर असतो, असे ते म्हणतात. ऐकताना दोन्ही बाजू पटतात. माझे वजन उतरते आहे, पण अपेक्षेपेक्षा बरेच हळू (सदस्यनाम आता शोभून दिसू लागले आहे). जाणकारांनी आणि अनुभवी सदस्यांनी मत द्यावे; मात्र 'मला फायदा झाला' किंवा 'मला तोटा झाला' एवढ्यावर न थांबता तसे का झाले असावे, हेही लिहावे, ही विनंती.

तराजू

आधी आकडेमोड करून घेऊ, कारण या विषयावरचे बरेचसे वाद आकडेमोड न करताच रंगतात.

समजा, एखाद्या व्यक्तीला वजन आहे तेवढे राखण्यासाठी दिवसाला २,००० कॅलरी लागतात आणि ती रोज १,५०० घेते. रोजची तूट ५०० ची, म्हणजे सहा दिवसांची ३,००० ची. सातव्या दिवशी तिने हवे तितके खाल्ले. हवे तितके म्हणजे किती, हे कोणी मोजत नाही. न मोजणे हीच तर त्या दिवसाची मुख्य सोय असते. पण सकाळची भरगच्च न्याहारी, बाहेरची दोन जेवणे, मध्ये गोड पेये आणि रात्री आइस्क्रीम एवढे धरले तरी ४,५०० चा आकडा गाठायला फारसे कष्ट पडत नाहीत. त्यातल्या २,५०० कॅलरी गरजेपेक्षा जास्तीच्या. त्या ३,००० मधून वजा केल्या की आठवड्याची निव्वळ तूट उरते ५०० ची. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी असे धरले, तर सहा दिवसांच्या संयमाचे फळ जेमतेम ६५ ग्रॅम. तीच व्यक्ती सातही दिवस १,५०० वर राहिली असती, तर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास उतरली असती.

आता सातव्या दिवशी तिने ४,५०० ऐवजी २,५०० कॅलरी घेतल्या असे धरा. तेव्हा ३,००० मधून फक्त ५०० जातात आणि सव्वातीनशे ग्रॅम उतरतात. चीट डे दोन्ही आठवड्यांत होता. एका आठवड्यात त्याने सहा भागांपैकी पाच भाग कमाई खाल्ली आणि दुसऱ्यात एकच भाग.

७,७०० हा आकडा ढोबळ आहे, हे सांगायला हवे. मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ मध्ये एका पौंडामागे ३,५०० कॅलरी असा जो ठोकताळा मांडला, त्याचेच हे किलोतले रूप. वजन उतरू लागले की शरीराची गरजही घटते, म्हणून हा ठोकताळा महिनोन्महिने पुढे ओढला की चुकतो. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये गणिती प्रारूप मांडून ते दाखवून दिले. एका आठवड्याच्या अंदाजाला तो पुरतो.

आणखी एक. ज्यांची गरजच १,६०० कॅलरींची आहे, अशा लहान चणीच्या व्यक्तींना रोजची तूट ३०० च्या वर नेणे जड जाते. त्यांची सहा दिवसांची कमाई १,८०० ची, आणि ती एकाच मोठ्या जेवणात संपू शकते. धिप्पाड मित्राला चीट डे मानवतो म्हणून तो आपल्यालाही मानवेल, असे धरून चालू नये.

पाऊलवाट

तराजू, हिशेब पटला, पण एक शंका आहे. मोकळीक घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझे वजन दीड किलोने वाढलेले असते. तुमच्या गणिताने अगदी ४,५०० कॅलरी खाल्ल्या तरी ते सव्वातीनशे ग्रॅमच्या वर जायला नको. मग काटा खोटा म्हणायचा की हिशेब?

निरीक्षक

पाऊलवाट, दोन्ही खरे आहेत. काटा सगळ्या शरीराचे वजन सांगतो आणि तराजू यांचा हिशेब फक्त चरबीचा आहे. एका दिवसात दीड किलो चरबी साठवायची तर गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि तेवढे कोणाच्या पोटात मावत नाही.

वाढते ते मुख्यतः पाणी. खाल्लेल्या कर्बोदकांचा काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठतो. प्रौढ व्यक्तीत हा साठा साधारण अर्ध्या किलोचा असतो आणि त्यातल्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी शरीरात राहते. कमी आहाराच्या दिवसांत हा साठा अर्धवट रिकामा झालेला असतो, तो चीट डेला भरतो. ३०० ग्रॅम ग्लायकोजेन भरले तर त्याच्या पाण्यासकट १,२०० ग्रॅम झाले. त्यावर बाहेरच्या खाण्यातल्या मिठाने रोखून धरलेले पाणी आणि आतड्यातून अजून पुढे न सरकलेले अन्न आले. दीड किलोचा हिशेब इथेच पुरा होतो.

याची पुढची बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण चीट डेच्या ख्यातीचा मोठा भाग तिच्यावर उभा आहे. पुन्हा कमी आहार सुरू झाला की हे पाणी काही दिवसांत निघून जाते आणि काटा झरझर खाली येतो. ज्याने शनिवारी मनसोक्त खाल्ले आणि बुधवार-गुरुवारी दीड किलो उतरल्याचे पाहिले, त्याला वाटते की चयापचयाने वेग घेतला. प्रत्यक्षात तो शुक्रवारी जिथे होता तिथेच परत आलेला असतो. उलटा प्रकारही घडतो. रविवारचा काटा पाहून सगळा आठवडा पाण्यात गेला असे समजून काही जण सोमवारी उपाशी राहतात, आणि त्या उपासमारीने पुढचा चीट डे आणखी मोठा होतो.

वजनदार

चयापचयाचा मुद्दा इतक्या सहज निकालात काढू नये, असे मला वाटते. मी वजने उचलण्याचा व्यायाम नियमित करतो, आणि कमी आहाराच्या काळात ताकद कशी आटत जाते हे रोज बारवर पाहतो.

चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक स्रवते. रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये ते शोधले. शरीरात इंधनाचा साठा किती आहे, याची वर्दी ते मेंदूला देते. आहार तोडला की थोड्याच दिवसांत लेप्टिन घसरते, आणि चरबी जितकी घटली त्या मानाने ते फारच जास्त घसरते. मग भूक वाढते, हालचाल नकळत कमी होते आणि ऊर्जेचा खर्चही उतरतो. कर्बोदके भरपूर खाल्ली की लेप्टिन वर येते, हे प्रयोगात मोजलेले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्त्रियांना तीन दिवस गरजेपेक्षा ४० टक्के जास्त आहार कर्बोदकांच्या रूपात दिला, तेव्हा लेप्टिन २८ टक्क्यांनी आणि ऊर्जेचा खर्च ७ टक्क्यांनी वाढला. तेवढाच जादा आहार स्निग्ध पदार्थांतून दिला तेव्हा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे मोकळीक काय खाऊन घेतली, यालाही महत्त्व आहे.

दुसरा दाखला २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील मॅटाडोर चाचणीचा. नुआला बर्न आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ पुरुषांचे दोन गट केले. दोन्ही गटांनी एकूण १६ आठवडे गरजेच्या ६७ टक्के आहार घेतला. एका गटाने सलग, आणि दुसऱ्याने दोन आठवडे आहार व दोन आठवडे विश्रांती असे आलटून पालटून. सलग गटाचे वजन सरासरी ९.१ किलोने उतरले, विश्रांती घेणाऱ्यांचे १४.१ किलोने. मध्ये थांबण्याने फायदा होतो, याला आणखी कोणता पुरावा हवा?

तराजू

वजनदार, तुमचे दोन्ही दाखले खरे आहेत, पण त्यांतला एकही चीट डेच्या बाजूने साक्ष देत नाही.

२००० सालच्या अभ्यासापासून सुरुवात करू. २,००० कॅलरींची गरज असलेल्या व्यक्तीसाठी ७ टक्के म्हणजे दिवसाला १४० कॅलरी. त्या जास्तीच्या जळाव्यात म्हणून ४० टक्के, म्हणजे ८०० कॅलरी रोज जास्त खायच्या. आठशे घालून एकशे चाळीस मिळवणाऱ्या धंद्याला कोणी फायद्याचा म्हणणार नाही. शिवाय तूट पुन्हा सुरू झाली की लेप्टिनही पुन्हा खाली येऊ लागते.

मॅटाडोरची गोष्ट तर अगदीच वेगळी आहे. तिथल्या विश्रांतीत गरजेइतकेच अन्न दिले जात होते, आणि ते दोन-दोन आठवडे. 'मनाला येईल ते, हवे तितके' असा एकही दिवस त्या आराखड्यात नव्हता. शिवाय १६ आठवड्यांचा आहार पुरा करायला त्या गटाला ३० आठवडे लागले, हे विसरू नये. २०२१ मध्ये नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांवर झालेली अशीच एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात तीन आठवडे तूट आणि एक आठवडा विश्रांती असा क्रम होता. चरबी दोन्ही गटांची सारखीच उतरली. पण विश्रांती घेणाऱ्यांना भूक आणि खाण्याची ओढ कमी जाणवली, आणि तुमच्या बाजूने मी मान्य करीन ते एवढे. भूक कमी लागणे ही लहान गोष्ट नाही. मात्र ती गरजेइतके खाऊन मिळाली, गरजेच्या दुप्पट खाऊन नव्हे.

चिमूटभर

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून चर्चा कॅलरींकडून थोडी वहीकडे वळवते.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी खाण्याची नोंदवही ठेवायला सांगते. चीट डे पाळणाऱ्यांच्या वह्यांत सोमवार ते शुक्रवारच्या नोंदी अशा असतात: 'सफरचंद १, लहान', 'दही अर्धी वाटी, साखर नाही', 'बदाम ६'. शनिवारच्या पानावर 'चीट' एवढेच लिहिलेले असते आणि खाली पान कोरे. त्या कोऱ्या पानावर काय काय असायला हवे होते हे विचारले की आधी आठवत नाही, मग हळूहळू आठवू लागते, आणि त्यात एक गोष्ट वारंवार येते: रात्री साडेअकराला, पोट तुडुंब भरलेले असताना खाल्लेला शेवटचा पदार्थ. त्या वेळी भूक नसते आणि चवही फारशी लागत नाही. बारा वाजले की आठवडाभर मिळणार नाही, एवढ्याच कारणाने तो खाल्लेला असतो.

चीट डेचा खरा तोटा मला तिथे दिसतो. वर झालेली आकडेमोड बरोबर आहे, पण माणूस ४,५०० पर्यंत का पोचतो हे ती सांगत नाही. पीटर हर्मन आणि मॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत आजही वाचण्यासारखा आहे. सहभागी व्यक्तींपैकी काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, काहींना दिला नाही, आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवले. ज्यांच्या खाण्यावर कसलेही बंधन नव्हते, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, जे स्वाभाविक आहे. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आता हात कशाला आखडायचा, असा तो विचार. हर्मन यांनी पुढे जॅनेट पोलिव्ही यांच्यासोबत टोरांटो विद्यापीठात या वृत्तीचा अनेक वर्षे अभ्यास केला. चीट डे हा या वृत्तीला चोवीस तासांचा परवाना देतो.

बंधन जितके कडक, तितकी ही उसळी मोठी. अ‍ॅन्सल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी पुरुषांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. पुरेसे अन्न पुन्हा मिळू लागल्यावर त्यांच्यापैकी कित्येकांना पोट भरूनही तृप्ती होत नव्हती. त्यांना आहारशिस्त नव्हती असे कोणी म्हणणार नाही. म्हणून माझ्यासमोर कोणी चीट डेचा प्रश्न काढला की मी प्रथम बाकीच्या सहा दिवसांची पाने उलटते. त्या दिवसांत १,००० कॅलरींच्या नोंदी दिसल्या, तर सातव्या दिवसाबद्दल उपदेश करण्यात अर्थ नसतो. आधी रोजचा आहार वाढवावा लागतो.

मोकळीक ठरवून आणि मापून घेतली तर चित्र बदलते, हेही सांगायला हवे. २०१६ मध्ये रिता कोएल्हो दो व्हाले आणि सहकाऱ्यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यातील दोन आठवड्यांच्या चाचणीत एका गटाला रोज १,५०० कॅलरींचा आहार होता, तर दुसऱ्याला सहा दिवस १,३०० आणि सातव्या दिवशी २,७००. आठवड्याची बेरीज दोन्हीकडे १०,५०० च येते. वजन उतरण्यात दोन्ही गट जवळपास सारखे राहिले, पण मोकळीक मिळालेल्या गटाचा उत्साह अधिक टिकला. सावकाश, तुमच्या प्रशिक्षकांच्या म्हणण्यातला मन शांत होण्याचा भाग त्यामुळे पूर्णपणे चुकीचा ठरत नाही. फक्त त्या प्रयोगातल्या सातव्या दिवसालाही आकडा होता, आणि तो आधीच्या सहा दिवसांत रोज २०० कॅलरी बाजूला काढून कमावलेला होता.

एक इशारा देऊन थांबते. कॅनडातील २,७०० हून अधिक किशोरवयीन आणि तरुण व्यक्तींच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चीट मील घेणे आणि खाण्याच्या विकारांची लक्षणे यांचा संबंध आढळला. एकामुळे दुसरे घडते असे अशा पाहणीवरून म्हणता येत नाही. पण खाताना ताबा सुटल्यासारखा वाटत असेल, लपून खाल्ले जात असेल, किंवा नंतर उपाशी राहून वा उलटी काढून भरपाई केली जात असेल, तर विषय चीट डेच्या पलीकडे गेलेला आहे. अनावर खाण्याच्या विकाराला अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून स्वतंत्र स्थान आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा व्यक्तीने कोणताही आहार सुरू करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे.

पाऊलवाट

चिमूटभर, साडेअकराच्या त्या शेवटच्या पदार्थाचे वर्णन वाचून दचकलेच. अगदी असेच होते.

साखरझोप

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. वरची चर्चा निरोगी व्यक्तींना धरून चालली आहे, म्हणून थोडी भर घालतो.

निरोगी शरीर एखाद्या वेळचे अति खाणे बऱ्यापैकी निभावून नेते. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात १४ निरोगी तरुण पुरुषांना एकदा पोट भरेपर्यंत आणि एकदा अगदी घास उतरेनासा होईपर्यंत पिझ्झा खायला देऊन अभ्यास केला गेला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वेळी त्यांनी जवळपास दुप्पट खाल्ले, तरी रक्तातील साखर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चढली नाही. ती आवरण्यासाठी शरीराला इन्सुलिन मात्र सुमारे ५० टक्के जास्त सोडावे लागले. ही जादा कुमक ज्यांच्या शरीराला पाठवता येत नाही, त्यांना मधुमेह असतो, आणि म्हणून या अभ्यासाचा दिलासा त्यांना लागू होत नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील (इन्सुलिन जास्त स्रवायला लावणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत सहा दिवस अगदी कमी आणि एक दिवस भरमसाट खाणे हा दुहेरी धोका आहे. औषधाचा डोस नेहमीच्या खाण्यावर बेतलेला असतो. कडक दिवसांत तोच डोस साखर खाली खेचू शकतो आणि मोकळ्या दिवशी तो अपुरा पडतो. अंदाजाने स्वतःच डोस वाढवणे हे तर त्याहून वाईट. संधिवाताच्या गाउट या प्रकारात मद्य आणि मांसाची एक मेजवानी सांधा सुजायला पुरते. रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी फार वाढलेली असेल, तर तेलकट-तुपकट मेजवानीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सिलिअ‍ॅक आजारात ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतले प्रथिन) वर्ज्य असते आणि तिथे वर्षातून एका दिवसाचीही सूट नाही.

कीटो, म्हणजे कर्बोदके जवळपास वगळलेला, आहार घेणाऱ्यांसाठीही एक नोंद. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात नऊ निरोगी तरुणांनी सात दिवस अत्यल्प कर्बोदके व भरपूर स्निग्ध पदार्थ असा आहार घेतला. त्यानंतर एकदाच ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा झाल्याच्या खुणा रक्तात आढळल्या. नऊच जण होते, त्यामुळे यावरून घाबरून जाऊ नये. पण साखरेची सवय मोडलेल्या शरीरावर ती एकदम लादू नये, एवढे सुचवावेसे वाटते.

सावकाश

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या सविस्तर उत्तरांची अपेक्षा नव्हती. चिमूटभर, माझ्या नोंदींतही सातवा दिवस कोराच आहे, हे लिहायला हवे.

आता प्रश्न असा की, पूर्ण दिवसाऐवजी एकच जेवण मोकळे ठेवले तर काय होईल? आणि आठवड्याचे सगळे दिवस सारखे ठेवणाऱ्यांचे पुढे काय होते, याची कोणी नोंद ठेवली आहे का?

निरीक्षक

दुसऱ्या प्रश्नाला काही प्रमाणात उत्तर आहे. अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये एक नोंदणी सुरू केली. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते किमान एक वर्ष टिकवलेल्या प्रौढांनाच तिच्यात नाव नोंदवता येते. या नोंदणीतील सदस्यांच्या सवयींवर २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवडाभर सारखा आहार ठेवणाऱ्यांची पुढच्या वर्षी वजन सुमारे सव्वादोन किलोच्या आत राखण्याची शक्यता, कामाच्या दिवशी अधिक कडक राहणाऱ्यांच्या दीडपट आढळली. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचा २००८ मधील अभ्यासही याच दिशेचा आहे. तिथे आहार कमी करणाऱ्या गटाचे वजन इतर दिवशी उतरत होते आणि शनिवार-रविवारी उतरणे थांबत होते.

पहिला अभ्यास निरीक्षणात्मक आहे. सारखा आहार ठेवल्यामुळे वजन टिकले, की ज्यांना खाण्याची ओढच कमी होती त्यांना सारखा आहारही जमला आणि वजनही टिकवता आले, हे त्यातून ठरत नाही. तरीही वजन उतरवण्यापेक्षा ते टिकवणे जास्त अवघड असते, आणि टिकवलेल्या लोकांची साक्ष म्हणून मी तिला बरीच किंमत देतो.

वजनदार

निरीक्षक, ही साक्ष मान्य आहे, पण माझे मत बदललेले नाही. सगळे दिवस सारखे ठेवणे ज्यांच्या स्वभावात आहे, त्यांनी ते जरूर करावे. मला रोज थोडे कमी पडत राहण्यापेक्षा काही दिवस नेटाने कमी खाऊन एक दिवस पोटभर जेवणे सोपे जाते. तराजू यांच्या युक्तिवादानंतर एवढे मात्र मान्य करतो की तो दिवस गरजेइतक्या किंवा किंचित वरच्या आकड्यावर थांबवावा, तो पायांच्या सर्वांत जड व्यायामाच्या दिवशी ठेवावा आणि जादा भाग कर्बोदकांचा असावा. असे केल्याने माझा त्या दिवसाचा आणि दुसऱ्या दिवसाचा व्यायाम चांगला होतो. लेप्टिनमुळे होतो की भरलेल्या ग्लायकोजेनमुळे, याच्याशी बारला कर्तव्य नाही.

तराजू

ग्लायकोजेनमुळेच. पण तुम्ही जे लिहिले आहे ते चीट डे राहिलेलेच नाही, त्यामुळे भांडण्यासारखे काही उरले नाही.

चिमूटभर

सावकाश यांच्या पहिल्या प्रश्नाविषयी. एक मोकळे जेवण पूर्ण मोकळ्या दिवसापेक्षा बरे, कारण त्याला पोटाची मर्यादा असते. दिवसाला ती नसते, दर चार तासांनी पोटात पुन्हा जागा होते. पण त्यासाठी दोन गोष्टी कराव्यात, असे मी सांगते. त्या जेवणाआधी मुद्दाम उपाशी राहू नये. दुपार सोडून रात्रीच्या मेजवानीला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत भुकेपोटी जे खातो, ते त्याच्या आवडीचे असतेच असे नाही. आणि काय खायचे हे आदल्या दिवशीच ठरवावे. कोणता पदार्थ, कुठे, कोणाबरोबर. तो एक पदार्थ सावकाश आणि पूर्ण मनाने खावा, आणि त्या जेवणाची नोंद इतर नोंदींसारखीच वहीत करावी.

पाऊलवाट

मी तर हल्ली आवडीचा गोड पदार्थ रोजच थोडासा, जेवणानंतर लगेच खाते. वर्ज्य असे काही ठेवलेलेच नाही. त्यामुळे चीट डेची वाट पाहणे आपोआप बंद झाले.

चिमूटभर

पुष्कळांना ही पद्धत लागू पडते. मात्र काहींना एक तुकडा खाल्ल्यावर डबा बंद करणेच कठीण जाते, आणि त्यांच्यासाठी तो पदार्थ घरात न ठेवता फक्त बाहेर गेल्यावर खाणे अधिक सोपे असते. आपण कोणत्या गटात आहोत, हे एखाद्या महिन्याच्या नोंदींवरून कळते.

सावकाश

मग मी असे ठरवतो आहे. रोजचा आहार १,५०० वरून १,६०० वर न्यायचा, आठवड्यातून एक जेवण आधी ठरवून मोठे घ्यायचे आणि त्याची नोंद ठेवायची. चिमूटभर, पुढच्या महिन्यात वहीतील पाने इथे टाकीन, कृपया नजर टाकावी. आता फक्त वजन कधी करावे, ते सांगा. निरीक्षक यांनी पाण्याचे गणित सांगितल्यापासून काट्यावर विश्वासच बसत नाही.

तराजू

रोज सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यानंतर, काही खाण्यापिण्याआधी आणि शक्यतो सारख्याच कपड्यांत वजन करावे. त्या दिवसाच्या आकड्याकडे लक्ष न देता तो फक्त लिहून ठेवावा आणि सात दिवसांची सरासरी काढावी. मोठे जेवण प्रत्येक आठवड्यात एकदाच येत असल्याने त्याचे पाणी प्रत्येक सरासरीत जवळपास सारखेच मिसळते आणि खालचा उतार दिसू लागतो. रोज काट्यावर उभे राहण्याचा मनाला त्रास होत असेल, तर आठवड्यातून एकदाच करावे. पण तो वार मोठ्या जेवणाच्या आदल्या दिवशीचा ठेवावा, दुसऱ्या दिवशीचा नको. पाऊलवाट, मासिक पाळीच्या आसपासही शरीरात पाणी साठते, म्हणून तुम्ही या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी करावी. चार आठवड्यांच्या सरासऱ्या हातात आल्याशिवाय आहारात कोणताही बदल करू नये.